आठ पानांचा घोडा

"आधी मला एवढं सांगा, मी मेलोय का नाही?"

गुरुपादप्पा तोळणूरे माझ्या टेबलासमोर उभे होते. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, गळ्यात सकाळच्या सत्काराचा हार तसाच. आमच्या सायंदैनिकाचा ताजा अंक त्यांनी टेबलावर पसरला. पान दोनवर त्यांचा फोटो होता. माजी नगरसेवक, एकसष्टाव्या वाढदिवसानिमित्त हार्दिक अभीष्टचिंतन, खाली बावीस शुभेच्छुकांची डोकी. मग त्यांनी पान सात उघडलं. तिथंही तोच फोटो, तोच शर्ट, तीच विभूती. वर 'प्रथम पुण्यस्मरण', खाली 'कै. रेवणसिद्धप्पा तोळणूरे' आणि भोवती जाड काळी चौकट.

"रेवणसिद्धप्पा माझा चुलतभाऊ. वर्ष झालं त्याला जाऊन. नाव त्याचं आणि तोंड माझं?"

"अप्पा, तुम्ही बसा."

"मेलेला माणूस बसतो का? तिकडं बायको रडूलाली. सत्काराला आलेली माणसं विचारूलालीत, हार गळ्यात घालायचा का फोटोला."

मागं जाहिरात विभागात कुणीतरी हसू दाबलं. तोळणूरेंनी तिकडं नुसतं पाहिलं आणि ते थांबलं.

कोपऱ्यातल्या संगणकावरून अंबादास येमूल उठून आले. न बोलावता आले. बावन्न वर्षांचे, बुटके, शर्टाच्या खिशात कायम चष्म्याची मोकळी डबी. "सातवं पान मी लावलंय," ते म्हणाले.

तोळणूरेंनी त्यांना खालून वर पाहिलं. "मग तुझं नाव छापा. शनिवारच्या अंकात, पहिल्या पानावर. चूक कुणाची ते नावासकट पाहिजे. 'तांत्रिक कारणामुळे' असं लिहिलंत तर मी परत येणार, आणि एकटा येणार नाही."

हार काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. २०१४ सालच्या ऑगस्टमधला तो मंगळवार होता. सोलापुरातल्या त्या कचेरीत मी मुख्य उपसंपादक होते. आमची पानं दुपारी साडेबाराला सुटायची, एकला मशीन सुरू व्हायचं, तीनला अंक विक्रेत्यांच्या हातात.

चूक कशी झाली हे शोधायला मला दहा मिनिटं लागली. जाहिरात विभाग सगळे फोटो आडनावानं एकाच फोल्डरमध्ये टाकायचा. त्यात तोळणूरे दोन होते, एक जिवंत आणि एक कैलासवासी. अंबादासअण्णांनी सातव्या पानाला चुकीचा उचलला. पान दोन दुसऱ्या संगणकावर लागत होतं. दोन्ही पानं मी तपासली, अर्ध्या तासाच्या अंतरानं, एकामागून एक. दोन्ही मला बरोबर वाटली. तोळणूरेंना मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. ही दोन पानं शेजारी ठेवली असती तर चहा आणणाऱ्या माणसालाही एकच चेहरा दोनदा दिसला असता.

आणि दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती शेजारी ठेवली जात होती. रोज सव्वाबाराला आठही पानांच्या प्रती काढून आम्ही खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत बांधलेल्या दोरीवर चिमट्यांनी लावायचो. मग सगळ्यांनी उठायचं आणि दोरीसमोर उभं राहायचं. उपसंपादक, पानं लावणारे, जाहिरातवाले, शिपाई, सगळे. दहा मिनिटं. याला आम्ही 'दोरी' म्हणायचो. दोरीवर शिपायानंही चूक दाखवली तर ती दुरुस्त व्हायची.

दोरी बंद झाली होती. कागद आणि टोनर वाचवायचा म्हणून. तसं पत्र निघालं होतं, व्यवस्थापक कौस्तुभ रणदिवे यांच्या सहीचं. त्यात आणखी एक ओळ होती : यापुढे भिंत, खिडकी अथवा कपाट यांस काहीही लावू अथवा बांधू नये.

रणदिवे पुण्याच्या मुख्य कचेरीतून आले होते. चौतिशीचे, मृदू बोलणारे. त्यांनी मला गुरुवारी सकाळी केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, मला तुमच्याकडून एक अहवाल हवाय. एका परिच्छेदाचा. संगणकचालक अंबादास येमूल यांच्या निष्काळजीपणामुळे, वगैरे. शनिवारी खुलाशात त्यांचं नाव जाईल आणि सोमवारपासून ते येणार नाहीत."

"अठ्ठावीस वर्षं झालीत त्यांना इथं."

"म्हणून तर प्रश्न आहे. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस संगणकावर बसवला की हे व्हायचंच."

"दोरी असती तर हे झालं नसतं."

रणदिवेंनी पेन खाली ठेवलं. "दोरीचा विषय नको, मॅडम. तो कसा संपला हे आपल्या दोघांना माहीत आहे."

मी उठले.

बाहेर आले तर अंबादासअण्णा दाराशीच होते. जेवढं कानावर पडलं होतं तेवढं त्यांनी लपवलं नाही. "सोमवारपासून सुट्टी म्हणा की," ते म्हणाले. "अक्का, तुमी लिहून टाका. फोटो मीच उचलला. खोटं थोडंच आहे?"

"लिहिणार नाही."

"मग काय करूलालाव?"

"अजून ठरवलं नाही."

"बरं. तुमचं ठरेपर्यंत मी एक करतो. जाताना ह्या माणसाला दोरी परत बांधून दाखवून जातो." आणि आवाज न दबवता : "पुण्याहून आला आणि आमची दोरी कापली. बिनकागदाची दोरी बांधतो की त्याला."

त्यांच्या डोक्यात ते मंगळवारपासून शिजत होतं. संडासाशेजारच्या कोठीत अकरा जुने मॉनिटर पडले होते, सतरा इंची, चौकोनी. नवे लांबट आले तेव्हा ते तिथं गेले होते. अण्णांनी पट्टी लावून मला दाखवलं. वर्तमानपत्राची समोरासमोरची दोन पानं मिळून जो आकार होतो, तो या चौकोनी पडद्यात मापानं बसत होता. नव्यात बाजूची जागा वाया जायची. आठ पानं म्हणजे चार जोड्या. आठवं-पहिलं, दोन-तीन, चार-पाच, सहा-सात. चार मॉनिटर, दोन वर, दोन खाली, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. कोठीतलेच दोन जुने सीपीयू, एकेकाला दोन मॉनिटर.

"पण लावणार कशाला? भिंतीला लावायचं नाही."

"पत्र पाठ आहे मला. भिंत, खिडकी, कपाट. जमिनीचं नाव नाही त्यात." ते हसले. "जमिनीवर उभा करतो. घोड्यासारखा."

गुरुवारी अंक सुटल्यावर आम्ही पाच मॉनिटर रिक्षात घालून त्यांच्या मेहुण्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नेले. कचेरीच्या वस्तू मी विनापरवाना बाहेर नेल्या. कोठीच्या वहीत तशी नोंद केली आणि खाली सही केली. मला लपूनछपून काही करायचं नव्हतं.

मेहुणा नरसप्पा गेटं आणि जिने बनवायचा. त्यानं मॉनिटर उलटा करून पाहिला. पाठीला चौकोनात चार भोकं होती, एकमेकांपासून दहा सेंटिमीटर अंतरावर.

"एवढंच? टीव्हीला पण अशीच असतात," तो म्हणाला, आणि पोलादी पट्टीला तसली चार भोकं पाडून त्यानं पहिला मॉनिटर कसला. कसताना कुट्ट असा आवाज आला. वायर लावून पाहिलं तर पडद्याच्या मधोमध काळा डाग होता आणि शाई सांडावी तसा तो पसरत होता. स्क्रू लांब होता. आत जाऊन काचेला लागला होता.

"मारलास बे एक," अण्णा म्हणाले. "कैलासवासी झाला. फोटो काढून ठेव, सातव्या पानाला लावतो."

नरसप्पा हसला नाही. मी हसले. मंगळवारनंतर पहिल्यांदा.

पुढच्या चारांना प्रत्येक स्क्रूखाली दोन-दोन वायसर घातले. चौकोनी पाइपाचे दोन खांब, मधे दोन आडवे, आडव्यांना पट्ट्या. खाली पाय हवे होते. नरसप्पाकडं मोडीत काढलेल्या यंत्रमागाचे ओतीव बिडाचे पाय पडले होते. अण्णांचे वडील मागावर होते. अण्णांनी त्यांतले दोन निवडले. वेल्डिंग बिडाला धरत नाही म्हणून भोकं पाडून नट-बोल्टनं आवळले. उभा केला. चारही मॉनिटर चढवले. घोडा दोन सेकंद उभा राहिला आणि सावकाश पुढं झुकला. अण्णांनी छातीनं अडवला.

वजन सगळं खांबांच्या पुढं होतं, पाय खांबांच्या बरोबर खाली. हे मला आधी कळायला हवं होतं, नरसप्पाला तर नक्कीच. त्याचं म्हणणं, गेटाला पुढचा-मागचा भाग नसतो. शुक्रवारी दुपारी पाय एक वीत पुढं सरकवले, वरचे दोन पडदे किंचित खाली कलते केले. अण्णांनी घोड्याला खांदा लावून ढकलला. तो हलला नाही. मी ढकलला. हलला नाही.

"आता ह्याला काढायचा तर चार माणसं लागतील," अण्णा म्हणाले. "त्यांतले दोघं आपलेच."

आणि मग पान्यानं बोल्ट आवळताआवळता, माझ्याकडं न बघता : "त्या माणसानं दोरी कापली नसती तर मी हे कशाला करत बसलो असतो, अक्का? अठ्ठावीस वर्षांत तोंड उलटंपालटं झालं नव्हतं एकदाही. त्याचं वाटोळं होईल."

मी म्हणाले, "बोल्ट पुरे झाला. आटे जातील."

शनिवारी नऊ वाजता नरसप्पाच्या टेम्पोतून घोडा आला. खिडकी आणि कपाटाच्या मधे, जिथं दोरी असायची तिथं उभा राहिला. भिंतीपासून एक हात लांब. खालच्या दोन पडद्यांच्या मागं सीपीयू, वायरी सुतळीनं खांबाला बांधलेल्या. अकरापर्यंत चारही पडदे लागले. जसजशी पानं लागत गेली तसतशी तिथं दिसू लागली. पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात दोन स्तंभांची रिकामी चौकट होती, खुलाशासाठी.

रणदिवे साडेअकराला आले. त्यांच्या हातात पातळ निळी फाइल होती.

"हे काय आहे?"

"घोडा," अण्णा म्हणाले.

"कुणाच्या परवानगीनं?"

"भिंतीला हात लावला नाही, साहेब. खिडकीला नाही, कपाटाला नाही. बघा की, मागून हात फिरवून बघा."

जाहिरातवाल्यांच्या माना खाली गेल्या, हसायला. रणदिवे माझ्याकडं वळले. "मॅडम, प्लग काढा."

"साडेबाराला पानं सुटतात. तोवर कुणी प्लग काढणार नाही."

"मी सांगतोय."

"ऐकलं मी."

कचेरीत टंकण्याचे आवाज थांबले. रणदिवेंचा चेहरा लाल झाला नाही. त्यांनी फाइल उघडली, एक कागद काढला आणि माझ्यासमोर न ठेवता अंबादासअण्णांच्या हातात दिला.

"तुम्हीच वाचा, येमूल. मोठ्यानं वाचलं तरी चालेल. दोरी मी कापली असं सगळीकडं सांगता ना?"

अण्णांनी खिशातल्या डबीकडं हात नेला, चष्मा आधीच नाकावर आहे हे लक्षात आल्यावर परत घेतला. कागद माझा होता. जून महिन्यातला. रणदिवेंनी रुजू झाल्यावर मला विचारलं होतं, या दोरीचा उपयोग किती, आकड्यांत सांगा. मी आकड्यांत सांगितलं होतं. मला आकड्यांत सांगायला आवडायचं. सहा महिन्यांत दोरीवर सापडलेल्या चुका एकोणीस. पैकी गंभीर शून्य. रोज दहा मिनिटं, चौदा माणसं. सबब ही पद्धत बंद करण्यास हरकत नाही. खाली माझी सही.

अण्णांनी मोठ्यानं वाचलं नाही. दोनदा वाचलं.

"तुमी लिहून दिलंत?"

"हो."

"दोन महिने मी ह्याला शिव्या घालूलालो."

"ऐकत होते."

"काल पण? बोल्ट आवळताना?"

"काल पण."

"आणि गप्प बसलात."

"हो."

त्यांनी कागद रणदिवेंना परत दिला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. पाठ आमच्याकडं.

"आता अहवाल द्या मॅडम," रणदिवे हळू म्हणाले. "खुलाशाचा मजकूर मी करून आणलाय. पावणेबारा झालेत."

त्यांनी दिलेला मजकूर मी वाचला. संगणकचालक अं. ना. येमूल यांच्या नजरचुकीने. व्याकरणात काही चूक नव्हती. मी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. सात मिनिटं लागली. बातमी लिहायला मला कधी सातपेक्षा जास्त लागली नव्हती.

कागद घेऊन मी अण्णांच्या संगणकाशी गेले. त्यांनी मान वर केली नाही, फक्त हात पुढं केला. वाचलं.

"असंच?"

"असंच."

"काना-मात्रा न बदलता?"

"बदलायची असेल तर सांगा."

त्यांनी टंकायला घेतलं.

सव्वाबाराला मी टाळी वाजवली. दोन महिन्यांनी. क्षणभर कुणी उठलं नाही. मग शिपाई उठला, मग जाहिरातवाले, मग सगळे. घोड्यासमोर अर्धगोलात उभे राहिले, जसे दोरीसमोर राहायचे. आठही पानं एका नजरेत दिसत होती. कुणी म्हणालं, पाचव्यावरचा बाजारभाव कालचा नाही ना? नव्हता. कुणी म्हणालं, तिसऱ्या आणि सहाव्या पानावर एकाच हौदाचा फोटो? नाही, हौद वेगळे होते. दहा मिनिटांत एकही चूक सापडली नाही.

रणदिवे मागं हाताची घडी घालून उभे होते. "शून्य," ते म्हणाले. "तुमच्याच पद्धतीनं मोजलं तर, मॅडम, शून्य."

"बरोबर. आज अकरापासून काय चाललं होतं तुम्ही पाहिलं नाही. पाचवं पान बघणाऱ्या मुलीनं बाजारभाव दोनदा फोन करून विचारला. जाहिरातवाल्यांनी सगळे फोटो नावं वाचून लावले. का? सव्वाबाराला चौदा माणसांसमोर लागणार म्हणून. त्या चुका मी जूनमध्ये मोजल्या नव्हत्या. दोरीवर सापडल्या तेवढ्याच मोजल्या. दोरीमुळं दोरीपर्यंत पोचल्याच नाहीत त्या कुठं मोजल्या?"

"हे तुम्ही तेव्हा लिहायला हवं होतं."

"म्हणून आज लिहिलंय. वरच्या ओळीत डावीकडचा पडदा. आठव्या-पहिल्याची जोडी."

ते जवळ गेले. बाकीचेही. मजकूर बारीक होता, पण वाचता येत होता :

'मंगळवारच्या अंकात पान सातवर कै. रेवणसिद्धप्पा तोळणूरे यांच्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत श्री. गुरुपादप्पा तोळणूरे यांचा फोटो छापला गेला. ते पान तपासून मी सोडले होते. सर्व पाने एकत्र लावून पाहण्याची या कचेरीतील पद्धत दोन महिन्यांपूर्वी बंद झाली, तीही मी दिलेल्या चुकीच्या आकड्यांवरून. चूक माझी आहे. दोन्ही कुटुंबांची मी माफी मागते. – विजयालक्ष्मी बिराजदार, मुख्य उपसंपादक.'

रणदिवेंनी सावकाश वाचलं. तेव्हा मला दिसलं की त्यांनाही कळलंय. हे एकदा छापलं गेलं की सोमवारी येमूलांना काढता येणार नव्हतं. आपणच छापलेल्याच्या विरुद्ध कसं वागणार?

"हे जाणार नाही," ते म्हणाले.

"बारा सव्वीस झालेत."

"मजकूर बदला. माझा घाला."

"पान सोडणं माझं काम आहे, मी सोडलं. अंक थांबवणं तुमचं. मशीन खाली आहे, फोन तुमच्या हातात. थांबवा, आणि का थांबवला ते पुण्याला कळवा. विक्रेत्यांना मी सांगते."

"याचा परिणाम तुम्हाला कळतोय?"

"तुमच्या आधी."

त्यांनी फोन खिशातून काढला. नंबर लावला नाही. चौदा माणसं बघत होती आणि कुणी जागेवर जायला तयार नव्हतं. शिपायानं, कुणी न सांगता, खिडकी उघडली. खालून मशीनमनचा आवाज आला, "वरचं आलं का?"

"सोडलं!" अंबादासअण्णा ओरडले. त्यांच्या खुर्चीवरूनच, मागं न बघता.

रणदिवेंनी फोन खिशात टाकला. फाइल उचलली. "सोमवारी भेटू, मॅडम," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

सोमवारी भेटलो. माझ्या पदातला 'मुख्य' गेला, केबिनशेजारचं टेबल गेलं. पुढची सहा वर्षं मी पान चारची साधी उपसंपादक होते. पत्र मला दोन प्रतींत मिळालं होतं. एकीवर पोच द्यायची होती. 'मिळाले, मान्य नाही' एवढं लिहून मी परत केलं आणि चौथं पान उघडलं.

पण ते सोमवारचं. शनिवारी एक वाजता मी खाली मशीनपाशी गेले. अण्णा तिथं आधीच उभे होते. पहिल्या पाचपन्नास प्रती शाई धरेपर्यंत फिक्या निघतात, त्या बाजूला टाकल्या जात होत्या. एक नीट छापलेली प्रत निघाल्यावर त्यांनी ती उचलली, पान एक चष्म्याजवळ धरलं आणि मशीनच्या आवाजात वाचत राहिले. मी शेजारी उभी होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"तीनदा 'मी' आलंय," ते शेवटी म्हणाले. "एक काढता आला असता."

"वेळ नव्हता."

"हं." त्यांनी अंकाची घडी घातली. "मला आधी सांगायचं होतं तुमी. छापायच्या आधी. मला."

"हो."

"ते मी विसरणार नाही, अक्का."

"विसरू नका." मग मला विचारावंच लागलं. "सोमवारी येताय ना?"

मशीनमननं वेग वाढवला. अण्णांना मोठ्यानं बोलावं लागलं.

"छापून आलंय म्हटल्यावर यावं लागणार की!"